आमच्या गावचे दात

आमच्या गावात सून कोण आणि लेक कोण हे विचारावं लागत नाही. बाई हसली की कळतं. दात पांढरे असतील तर ती लग्न होऊन बाहेरून आलेली. दातांवर तपकिरी पट्टे, मधेच खडूसारखे ठिपके आणि कडा खाल्लेल्या असतील तर ती इथंच जन्मलेली. पुरुषांचं विचारायलाच नको, ते सगळे इथलेच. चारठाण्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. आसपासच्या बाजारात आमच्या माणसानं तोंड उघडलं की समोरचा गावाचं नाव सांगतो. आम्हीही त्यावर हसतो आणि हसताना तोंडावर हात धरतो. ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

हे बोअरच्या पाण्यामुळे होतं. त्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी हिरडीच्या आत दात तयार होत असताना ते त्यात शिरतं, म्हणून इथल्या लेकरांचे दात असे येतात आणि मोठेपणी आलेल्या सुनांचे जसेच्या तसे राहतात. आज मला हे इतकं सोपं करून सांगता येतं. तेव्हा गावात कुणीच असं सांगत नसे. कुणी म्हणे जमिनीचा गुण, कुणी म्हणे घराण्याचा. माझ्या आईचं मत वेगळं होतं. ती राखुंडीनं दात घासायची आणि तिचे दात मोत्यासारखे होते. तीच राखुंडी मला द्यायची आणि माझे दात असे होते. यावरून तिनं ठरवून टाकलं होतं की मी आळशी आहे.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतोय त्या वर्षी मी तेहतीसचा होतो. थोडी शेती, त्यात सोयाबीन आणि कापूस, आणि फाट्यावरच्या खत-बियाण्याच्या दुकानात नोकरी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ पूर्णेला रेल्वेत लागला आणि आमच्या घराला स्थळं यायला लागली, पण त्याच्यासाठी. दात त्याचेही माझ्यासारखेच आहेत, उलट पुढच्या दाताला खड्डा आहे. पण सरकारी नोकरीवाल्याच्या तोंडात कोण बघतो? पूर्णेतलीच एक मुलगी त्याला सांगून आली, पसंत पडली, दोघांचं फोनवर बोलणंही सुरू झालं. मुलीच्या वडिलांनी एकच सांगितलं होतं: या सराईत लग्न उरकायचं, नसेल जमत तर आम्ही दुसरीकडं बघतो. आणि इकडे आई अडून बसली होती. थोरल्याला हळद लागल्याशिवाय धाकट्याला लावणार नाही. लोक म्हणतील थोरल्यात काहीतरी खोट आहे.

खोट होती आणि ती तोंड उघडलं की दिसत होती. तर भावाचं लग्न असं माझ्या दातांवर अडलं होतं. तो मला कधी काही बोलला नाही. फक्त सुट्टीवर आला की फोन घेऊन गोठ्याकडं जायचा आणि बराच वेळ हळू आवाजात कुणाला तरी समजावत राहायचा. परत आला की मला विचारायचा, "दादा, चहा टाकू का?"

माझं म्हणाल तर मला काही वाटत नव्हतं. सुरुवातीला वाटायचं. पहिल्या नकाराला मी दोन वेळा जेवलो नव्हतो, त्यानंतरच्या नकारांना जेवायला लागलो, आणि पुढं पुढं तर नकार कळला तेव्हा जेवणात काय होतं तेवढंच लक्षात राहायचं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही हे आता सगळीकडंच झालंय, त्यात माझे दात. मुलीकडचे लोक माझ्या तोंडाकडं बघायचे, एकमेकांकडं बघायचे आणि मग विचारायचे, "काही नाद बिद?" बायोडाट्यात निर्व्यसनी असं लिहिलेलं असायचं. काका शपथेवर सांगायचे, पोरानं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमच्याकडची सगळी सोयरीक तेच जमवतात. लोक मान डोलवायचे. गुटखा खाणारा कधी हो म्हणतो का, असा त्या मान डोलवण्याचा अर्थ असायचा. आमच्या दुकानाचा मालक दिवसभर गुटखा चघळतो आणि त्याचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत. तो एकदा मला म्हणाला, "तू खाऊनच टाक गड्या, बदनाम तर झालाच हायस." मी हसलो. हात वर गेला.

शेवटी आईनंच ठरवलं की दात पांढरे करायचे. सुरुवात घरातून झाली. आईनं मीठ आणि गोडं तेल दिलं. दुकानातल्या हमालानं बाभळीचा कोळसा कुटून कागदात बांधून आणला. कोळशानं दात आधी काळे झाले, चूळ भरल्यावर पुन्हा होते तसे झाले. मग फोनवरचे व्हिडिओ. एक मुलगी केळीची साल दातांवर फिरवते आणि हसते. तिचे दात सालीच्या आधीही पांढरेच होते हे मला उशिरा लक्षात आलं. मी केळी आणली, केळी आईनं खाल्ली, साल मी दातांवर चोळली आणि नंतर गायीला घातली. आमच्या तिघांत गायीलाच तिचा उपयोग झाला.

सगळ्यात जास्त दिवस चाललं ते लिंबू आणि खायचा सोडा. ते फसफसतं, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं. मी मोरीत उभा राहून रोज सकाळी घासायचो. आई मागून म्हणायची, "काय करायलास रे? दात हायत का भांडी?" पण थांब असंही म्हणायची नाही. काही आठवड्यांनी जीभ दातांवरून फिरवली की ते खरखरीत लागायला लागले. थंड पाणी प्यालं की कळ यायची. पट्टे जागच्या जागी होते.

मग भावानं फोनवरून मागवून दिलेल्या पट्ट्या आल्या. पारदर्शक, चिकट, दातांवर लावायच्या आणि ठरलेल्या वेळानं काढायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्या लावून बसायचो. कुणी युरिया आलाय का विचारलं तर मानेनं सांगायचो. या पट्ट्यांनी खरंच काम केलं, पण ते काम भलतंच झालं. दातांवरचे जे खडूसारखे पांढरे ठिपके होते ते आणखी पांढरे झाले आणि तपकिरी पट्टे होते तसेच राहिले. आधी दात नुसते मळके दिसत होते, आता नकाशासारखे दिसायला लागले. व्हिडिओ कॉलवर मी भावाला दाखवले तर तो म्हणाला, "दादा, जरा उजेडात ये." मी उजेडात गेलो. तो म्हणाला, "परभणीला दवाखान्यात जाऊ. माझ्याकडं सोड ते."

दातांची डॉक्टर बाई होती, माझ्याच वयाची असेल. खुर्चीत आडवं करून तिनं आरसा आत घातला आणि पहिला प्रश्न विचारला तो गावाचा. मी गाव सांगितलं. तिनं आरसा बाहेर काढला.

"घासून नाही जाणार हे," ती म्हणाली. "हे बाहेरून चढलेलं नाही. दातातच आहे, जन्मापासून. तुम्ही कितीही घासलं असतं तरी असेच आले असते." मग तिनं मला पाण्याचं सगळं समजावून सांगितलं, वर मी लिहिलंय ते तिचंच.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला तू आळशी नाहीस असं सांगत होतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी म्हणालो, ठीक आहे. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टर काय बी म्हणत्यात. मी तर हेच पाणी पितेय की."

डॉक्टर बाईनं घरचं आणि दवाखान्यातलं यातला फरकही नीट सांगितला. कोळशानं, सोड्यानं दाताचं वरचं आवरण झिजतं, रंग जात नाही, आणि लिंबानं तर ते विरघळतं. विकतच्या पट्ट्यांत औषध असतं, पण ते सगळ्यांना सारखंच लागतं, आणि माझे दात सारखे नव्हतेच. दवाखान्यातही दोन रस्ते होते. एक म्हणजे दातांचा ठसा घेऊन माझ्या मापाचा साचा बनवायचा, त्यात औषध घालून तो घरीच झोपताना लावायचा. हळूहळू उजळतं, त्रास कमी. दुसरा म्हणजे तिथंच खुर्चीत बसून एका दिवसात. त्याच्याआधी वरचा तपकिरी थर औषधानं हलका घासून काढावा लागणार होता आणि पुढच्या दातांच्या खाल्लेल्या कडांना दाताच्या रंगाचा लेप द्यावा लागणार होता. त्यानं दात काही दिवस चांगलेच ठणकतील, विशेषतः मी ते लिंबानं आधीच उघडे पाडले होते म्हणून. "तुम्हाला घाई नसेल तर साचा घ्या," ती म्हणाली.

घाई होती. सोनपेठकडचं एक स्थळ काकांनी काढलं होतं आणि पुढच्या आठवड्यात बघायला जायचं ठरलं होतं. मी खुर्चीतलं घेतलं.

तिनं खोट्या दातांची एक पट्टी काढली. साडीच्या दुकानात रंगांचे नमुने असतात तशी, पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. माझ्या तोंडाजवळ धरून तिनं एक दात दाखवला, इथपर्यंत आणू, यापुढं खोटं दिसतं. मग ओठ ताणून धरायला प्लॅस्टिकची चौकट, हिरड्यांवर लेप, डोळ्यांना काळा चष्मा आणि तोंडावर निळा दिवा. मी तसा पडून राहिलो. बाहेर भाऊ कुणाशी तरी फोनवर बोलत होता, "होईल गं, होईल, या टायमाला होईल," असं ऐकू येत होतं. मला त्याची दया आली असं म्हणायला आवडलं असतं. तेवढीसुद्धा आली नाही. मला फक्त तोंड मिटायचं होतं.

आरशात बघितलं तर दुसऱ्याचे दात होते. अगदी सरळ एका रंगाचे नव्हते, जवळून बघितलं तर ठिपके कळत होते, पण चार हातांवरून पांढरे. भाऊ माझ्याकडं बघून एवढा हसला की त्याच्या पुढच्या दाताचा खड्डा दिसला. तो तोंडावर हात धरायला विसरला होता.

पुढचे काही दिवस चहा नाही, हळद नाही, तिखटाचा लाल रंग नाही, पांढरं खा असं सांगितलं होतं. आईनं दहीभात लावला. दही थंड म्हणून कळ यायची आणि भात गरम म्हणून यायची. आई म्हणाली, "आजाऱ्यावाणी दिसायलास. पर छान दिसायलास." शेजारच्या बायका दारात येऊन बघून गेल्या. एकीनं विचारलं, सगळे काढून नवे बसवले का? आई म्हणाली, न्हाई, धुऊन आणले.

सोनपेठच्या पुढं गोदावरीकडं उसाचा पट्टा आहे. भाड्याची जीप करून काका, भाऊ आणि मी असे तिघं गेलो. आमच्यात पहिल्या बघण्याला आई येत नाही, पसंती झाल्यावर येते. घर शेतातच होतं. पत्र्याच्या पडवीत सतरंजी टाकलेली. मुलीचे वडील शांत होते, बोलायचं काम मुलीच्या मामानं घेतलं होतं. मामा गुरांच्या बाजारात मुरलेला माणूस, हे त्यानं आल्याआल्याच सांगितलं. फ्रीजमधलं पाणी आलं. मी ते तोंडात धरून गरम करून मग गिळलं. मग चहा आला. नको म्हटलं तर पाहुणा रुसला असं होतं, म्हणून तोही प्यालो. दोन्हीची कळ वेगवेगळ्या जागी आली.

मुलगी येऊन पोहे ठेवून समोर बसली. डी.फार्म. झालेली, सोनपेठला औषधाच्या दुकानात काम करते, असं सांगितलं गेलं. काकांनी मला बोलतं केलं. मी बोललो. बोलताना हसायचं असं घरून ठरलं होतं, म्हणून हसलो.

मामा पुढं सरकला. "गाव तुमचं चारठाण्याकडचंच ना?"

"हो."

"न्हाई, म्हणलं दात लय छान हायत." तो मुलीच्या वडिलांकडं बघून म्हणाला. "दाजी, त्या गावचा बैल बी मी दातावरून वळखतो. बाजारात त्या गावच्या बैलाचं वय सांगता येत न्हाई, पाण्यानं दातच तसले. आन् पाहुणे निराळेच की."

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या हसण्यात जीव नव्हता. मुलीचे वडील उठून आत गेले, मागून मामा गेला. दार लोटलेलं होतं, पण पत्र्याच्या घरात काय लपतं? मामाचा आवाज आला, "कवळी हाय, सांगतो मी. एवढ्या वयात कवळी म्हंजी वय लपवलंय, न्हाईतर काही दुखणं." मुलीच्या आईचा आवाज आला, विचारून घ्या मग. मामा म्हणाला, "असं कुणी विचारतं का? थांबा."

मी भावाकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. इतके दिवस मला घाण दातांमुळे नकार येत होते, आता चांगल्या दातांमुळे येणार होता. हे विनोदी आहे हे मला कळत होतं. मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होतो, कारण ते मला चाववणार नव्हते.

मामा मागच्या दारानं शेतात गेला आणि उसाच्या दोन कांड्या घेऊन आला. साल काढलेली नव्हती. एक माझ्या हातात दिली. "आमचा ऊस खाऊन बघा पाहुणे. कोयता बियता काही न्हाई बघा जवळ."

कोयता खुंटीला टांगलेला सगळ्यांना दिसत होता. काकांनी तोंड उघडलं होतं, पण ते काही बोलायच्या आत मी ऊस दातात धरला. कवळीनं ऊस सोलता येत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी पहिली साल ओढली आणि कळ दातातून थेट कानामागं गेली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी दुसरी साल ओढली. मग चावलो. रस गोड होता म्हणून आणखी दुखलं. सगळी पडवी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी संपूर्ण कांडी सोलून, चावून, चोथा सतरंजीच्या कडेला ठेवून संपवली. मी असं का केलं हे मला सांगता येणार नाही. भावासाठी केलं असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे त्यांनी कांडी दिली होती आणि मी ती खाल्ली.

मामानं मांडीवर थाप मारली. "खरे हायत की हो!" त्याला मनापासून आनंद झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं दुसरी कांडी भावाला दिली आणि कोयताही काढून दिला.

मग दोघांना बोलू द्या असं कुणीतरी म्हणालं. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. मुलगी बसली आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "लय दुखलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"दुखलं असंल. आमच्या दुकानात येत्यात दात उजळून आलेले लोक, ठणक्याचं औषध न्यायला." मग तिनं विचारलं, "पाणी कुठलं पिता तुमी?"

"बोअरचं."

"अजून?"

"अजून. फिल्टरची टाकी बसवली होती मधे. काही दिवस चालली."

"मग आताच्या लहान लेकरांचे दात?"

"आमच्यासारखेच."

तिनं मान हलवली. तिला ते आधीच माहीत असावं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती म्हणाली, "तुमचे दात होते तसे असते तरी मला काही वाटलं नसतं. पुढं लेकरं होतील, त्यांना ते पाणी मी माझ्या हातानं कसं पाजू? ते नुसतं दातावर थांबत न्हाई. हाडात बी जातं."

त्यावर पुष्कळ उत्तरं होती. जारचं पाणी आणता येतं. गावातले काही लोक आणतात. फाट्यावर खोली घेऊन राहता येतं, माझी नोकरी तिथंच आहे. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता की तुम्ही म्हणाल तसं करू. यातलं एकही वाक्य मला सुचलं नाही. मी गेले कित्येक महिने माझ्या दातांवर काय काय चोळत होतो, आणि त्या सगळ्या काळात चूळ त्याच पाण्यानं भरत होतो. पाण्याचं काही करावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." ती अजून थोडा वेळ बसली. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटत असावं. मग आतून हाक आली आणि ती उठली.

परतीच्या वाटेवर काका खुशीत होते. मामानं त्यांना निघताना मिठी मारली होती. भाऊ पुढच्या सीटवर बसून बोटांनी फोनवर काहीतरी लिहीत होता आणि हसत होता. मी जबडा धरून मागं बसलो होतो. परभणी येईपर्यंत मला जारचं पाणी सुचलं. तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही.

निरोप दोन दिवसांनी आला. काका स्वतः घरी आले. भाऊ होताच, त्याची सुट्टी संपायची होती. आई सुपात तूर निवडत होती. काकांनी चप्पल काढली, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "वैनी, न्हाई म्हणले."

"कशापायी? दात तर धुतले की."

"दाताचं न्हाई. मामा तर लय तयार होता. पोरीनंच न्हाई म्हणलं. म्हणती, पाण्यामुळं." काका हसले. "आता बोला! लोक जमीन बघत्यात, नोकरी बघत्यात, घर बघत्यात. ही पोरगी पाणी बघती. लेकरांचे दात जातील म्हणती. अजून हळद लागली न्हाई आन् हिला लेकरांचे दात दिसायले!"

आईचा हात सुपात थांबला. मला वाटलं आता ती रडेल, दर नकाराला रडायची तशी. ती रडली नाही. बराच वेळ ती आम्हा दोघा भावांच्या तोंडाकडं बघत राहिली, आधी माझ्या, मग त्याच्या.

"माझ्या बापानं बी पाणी बघितलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गावाला उन्हाळ्यात पाण्याचे लय हाल. मैल मैल जावं लागायचं. आन् ह्या गावात दारातच हापसा. वैशाखात बी पाणी. माझा बाप म्हणला, बाकी काही नसलं तरी चालंल, पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरंल. एवढ्यासाठी दिली मला इथं. पाणी किती हाय ते बघितलं त्यानं. कसं हाय ते कुणाला ठावं?" तिनं सूप खाली ठेवलं. "मीच पाजलं की ह्या दोघांना. माझ्या हातानं. आन् वरून ह्याला म्हणायचे, घासत न्हाईस म्हणून."

भाऊ म्हणाला, "माय, जाऊ दे."

"तू गप बस. तू लगीन करून घे," आई त्याला म्हणाली. "ह्याच सराईत. तिच्या बापाला फोन कर. फकस्त सून इथं आणू नको. तिकडंच पूर्णेला ऱ्हावा दोघं. लेकरू झालं तरी दात येऊन होईपर्यंत इथं आणायचं न्हाई. मीच येत जाईन बघायला."

भावानं माझ्याकडं बघितलं. काकांनीही बघितलं आणि मग आईला विचारलं, "आन् थोरल्याचं?"

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्याला मी हाय की," ती म्हणाली.

तिनं ते मायेनं म्हटलं होतं, यात मला शंका नाही. इतकी वर्षं ती माझ्यासाठी भांडली, अडून बसली, नवस बोलली, आणि त्या दिवशी तिनं मला त्यातून सोडवलं. पण मी तिथंच, काकांसमोर, भावासमोर, लहान पोरासारखा रडायला लागलो. आई घाबरली. भाऊ म्हणाला, "दादा, मी थांबतो, मी सांगतो त्यांना पुढच्या वर्षी." मी हातानं नको म्हणत होतो आणि रडत होतो. त्याच्या लग्नाचं मला वाईट वाटत नव्हतं. मला ती मुलगी आवडली होती. ती अंगणात बसून थांबली होती तेव्हाच आवडली होती, आणि मला ते आता कळत होतं.

काकांना सोडायला मी फाट्यापर्यंत गेलो. बस यायला वेळ होता. मग ते म्हणाले, सेलूकडं एक स्थळ त्यांच्या नजरेत आहे, घटस्फोटित आहे, पण माणसं चांगली आहेत.

"नको काका," मी म्हणालो. "मला हीच पसंत होती."

काकांनी माझ्याकडं बघितलं. बस वळणावर दिसायला लागली होती. त्यांनी पिशवी उचलली.

"मग तवाच बोलायचं की, येड्या," ते म्हणाले. "आपण निघताना ती मला इचारत होती, हे काहीच कसं बोलले न्हाईत म्हणून."

बस थांबली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.